टिकाराम टेलरने शिवलेलं पान

आमच्या गल्लीतल्या टिकाराम बारसागडेने आयुष्यात एकही ब्लाऊज कबूल केलेल्या दिवशी दिला नाही. ही तक्रार नाही, ओळख आहे. बालाघाटात त्याला सगळे यावरूनच ओळखत. "मंगळवारी न्या, वहिनी," एवढं तो मोठ्या खात्रीने सांगायचा. कोणता मंगळवार, ते कधी सांगायचा नाही.

मी छप्पन सालच्या मे महिन्यात लग्न होऊन नागपूरहून इथे आले. आले तेव्हा माहेर आणि सासर एकाच राज्यात होतं. नोव्हेंबरात सरकारने नकाशावर रेघ ओढली आणि माझं माहेर परराज्यात गेलं. माझी बी.ए.ची पदवी मात्र रेघेच्या अलीकडे, ट्रंकेत माझ्यासोबत राहिली आणि तांदूळ निवडताना तिचा फार उपयोग झाला. लग्नातले तीन ब्लाऊजपीस मी टिकारामकडे टाकले. दोन मिळाले. तिसरा, हिरव्या खणाचा, त्याची गोष्ट पुढे येईल.

बाजारात, धान्याच्या दुकानांच्या रांगेत, टिकारामचं मशीन होतं. दिवसभर बायका येऊन त्याला ओरडत. कुणाची बाही तोकडी, कुणाच्या मुलीचं लग्न होऊन तिला पोर झालं तरी लग्नातला ब्लाऊज काजं करायचा राहिलेला. टिकाराम मान खाली घालून पाय चालवत राहायचा. हात मात्र सोन्याचा. त्याने घातलेली टीप उसवायची म्हटलं तर कापड फाटायचं, टीप निघायची नाही. आणि एक सवय: कपडा नेल्यावर गिऱ्हाईक नाराज होऊन परत आलं, तर तो वाद घालत नसे, मोबदला मागत नसे. कपडा घ्यायचा आणि मुकाट्याने अल्टर करून द्यायचा. अर्थात मंगळवारी.

बासष्ट साली आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून खेमराज राहांगडाले आले. कॉलेज खासगी होतं, समितीचं. आमचे हे तिथे हेडक्लार्क होते, म्हणून 'आमच्या' म्हणते. राहांगडालेसर परगावाहून मोठी पदवी घेऊन आले होते आणि ती पदवी त्यांना क्षणभरही विसरता येत नसे. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की बालाघाटच्या जंगलातलं एकेक रोप वाळवून कपाटात ठेवायचं. रोप मुळासकट उपटायचं, टीपकागदांच्या घडीत दाबायचं, वर फळी, फळीवर दगड. कागद रोज बदलायचे. वाळलं की जाड पांढऱ्या कागदावर मांडायचं, देठ दोऱ्याने टाके घालून पक्कं करायचं आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: नाव काय, कुठे मिळालं, कुणी आणलं, कुणी ओळखलं.

टाके घालायला माणूस हवा म्हणून सरांनी टिकारामला नेमलं. जागा तात्पुरती. दोन वर्षांनी काम बघून समिती कायम करणार.

टिकारामने मशीन कटंगीच्या मेहुण्याला देऊन टाकलं आणि दुकानाची जागा सोडली. मी धावत गेले.

"टिकारामभाऊ, माझा हिरवा खण?"

"वहिनी, आता मी कपडे नाई शिवत. आता मी झाडं शिवतो."

"अन् झाडं काय मंगळवारी देता?"

"झाडं ओरडत नाहीत, वहिनी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एकदा कायम झालो ना, का मंग कोणीच ओरडत नाही. कायम माणसाले कोण बोलते? तुमच्या घरातच पाहा ना."

माझ्या घरातल्या कायम माणसाला मी रोज बोलत होते, पण ते टिकारामला सांगून त्याचं स्वप्न कशाला मोडायचं? त्याच्या अंगावर गावातल्या दोन पिढ्यांच्या बायकांची ओरड साचलेली होती. कायम होणं म्हणजे त्याच्या लेखी छत्री होती.

त्याची बायको अंजना. लांजीच्या पलीकडच्या, जंगलाला टेकलेल्या गावची. कामाला वाघीण, आणि जीभ अशी की टिकारामच्या सुईला लाजवील. "बायांचे ब्लाऊज पुरे नाही झाले, आता जंगल शिवाले निघाले," एवढंच ती त्या नोकरीबद्दल म्हणाली.

त्रेसष्टच्या जेठात अंजना माहेरी निघाली, तर सरही टिकारामला घेऊन त्याच बसने निघाले. चार सरी पडून गेल्या होत्या. जंगलात बांबूच्या बेटाखाली, कुजलेल्या पाचोळ्यातून, वीतभर उंचीचा एक नाजूक दांडा वर आला होता. त्यावर फिकट, किंचित गुलाबी, मान खाली घातलेलं फूल. पान एकही नाही.

"सर असे खालीच बसले, ताई," अंजना मला सांगत होती. "मले वाटलं पायाले काही चावलं."

सरांनी उकरून पाहिलं. खाली बोराएवढा पांढरा कंद. आजूबाजूची आणखी सहा उकरली. कुठेच पान नाही.

"बाई, याचं पान कुठे आहे?"

"अजून यायचं हाय."

"यायचं आहे म्हणजे?"

"फूल गेलं का मंग येते. आमच्याकडे याले सासू-सून म्हणते, सर. सासू हाय तोवर सून जमिनीबाहेर पाय टाकत नाही. अन् सून आली का सासूचं तोंड दिसत नाही."

सर हसले. "बाई, याला शास्त्र म्हणत नाहीत."

सर हसले म्हणून फावडं धरून उभा असलेला टिकारामही हसला. ते हसू त्याला घरी चांगलं महागात पडलं. अंजनाने तीन दिवस त्याला नुसता भात वाढला, भाजी वाढलीच नाही. आणि मुकाट्याने दोन कंद पदरात बांधून आणले. एक फुटक्या माठात लावला, एक डालड्याच्या डब्यात. दोन्ही मोरीपाशी ठेवले.

सरांकडे दोन पुस्तकं होती. दोन्हींत हे बिनपानाचं फूल नव्हतं. दोन पुस्तकांत नाही ते जगात कुणाला ठाऊक नाही, असा हिशेब करून सरांनी ठरवलं की आपण नवी जात शोधली आहे. नावही ठरलं. समितीचे अध्यक्ष राइस मिलवाले मोतीलालशेठ, त्यांनी प्रयोगशाळेवर पत्रे घालून द्यायचं कबूल केलं होतं. तेव्हा फूल शेठजींच्या नावाने. फुलाला नाव आणि प्रयोगशाळेला छप्पर, दोन्ही एकदम.

भादव्यात सर त्याच बांबूखाली पुन्हा गेले, आणखी बिनपानाची फुलं आणायला. फूल एकही नव्हतं. होती ती पानं. एका कंदाला एकच पान, जमिनीला चिकटून पसरलेलं, पंख्यासारख्या चुण्यांचं. सर वैतागले. आणलीच आहेत तर असू द्या, म्हणून त्यांनी ती वाळवली, 'अनोळखी पान, कूळ अज्ञात' अशी चिठ्ठी लावली आणि दुसऱ्या गठ्ठ्यात टाकली. सासू एका गठ्ठ्यात, सून दुसऱ्या गठ्ठ्यात. कॉलेजच्या कपाटातही त्यांची भेट झाली नाही.

त्याच दिवसांत अंजनाच्या मोरीपाशी दोन्ही कंदांना तसलंच एकेक पान आलं होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. अंजनाने सरांनाही सांगितलं. सर म्हणाले, मोरीच्या पाण्याने काय वाट्टेल ते उगवतं.

डिसेंबरात कॉलेजचं संमेलन झालं. टेबलावर काचेखाली फुलाचा कागद ठेवला होता, काचेला झेंडूची माळ. शेठजी कौतुकाने पुढे झाले, वाकले आणि पाहतच राहिले.

"हे काय, राहांगडाले? एवढंच?"

"शेठजी, याला पान नाही, हेच तर वैशिष्ट्य!"

"माझ्या नावाचं फूल अन् अंगावर चिंधी नाही? उघडंबोडकं?" मागे बायका फिस्सकन हसल्या. शेठजींचे कान लाल झाले. "ते वैशिष्ट्य तुमच्या नावानं ठेवा. माझ्या नावाचं नीट करून दाखवा."

सरांनी ते हसण्यावारी नेलं. पण भिंतीशी टिकाराम उभा होता, आणि त्याच्या कानावर बाजारात वीस वर्षं पडत आलेली गोष्ट पडली होती. गिऱ्हाईक नाराज झालं होतं.

पुढच्या रविवारी अंजनाच्या अंगणात मी तांदूळ निवडत बसले होते. टिकाराम कॉलेजातून फुलांचे सात कागद आणि पानांचा गठ्ठा घेऊन आला, चटई अंथरली, सुईत दोरा ओवला.

"टिकारामभाऊ, सरांना विचारलंत का?"

"अल्टर कराले कापडवाल्याले विचारते का कोणी, वहिनी? गिऱ्हाईक शेठजी. शेठजींले उघडं वाटते."

"पण कुणाचंही पान कुणालाही कसं लावता?"

तो खरंच दुखावला. दोन कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, "कुणाचंही? हा कंद पाहा. हा पाहा. देठ कंदाले जिथं जुळते ती गाठ पाहा. अन् ही देठाची वीण. वहिनी, हे एकाच थानाचं, एकाच ताग्याचं कापड हाय. थान मले समजते."

"जेठात मी तेच सांगतलं, तवा दात काढत होते," अंजना चुलीपासून म्हणाली. "आता थान आठवलं."

"तू सासू-सून म्हणत होती. थान म्हणली असती तर समजलं असतं."

आणि त्याने सातही कागदांवर फुलाच्या देठाशी एकेक पान शिवलं. काय शिवलं! पानाची चुणी जिथे वळते तिथे टाका दडवलेला. कागद उलटा केला तर मागे एक गाठ नाही. सासू-सुनेची पहिली भेट आमच्या गल्लीत, भर दुपारी, चटईवर झाली. आमच्या यांना सांगावं असं माझ्या एकदा मनात आलं. पण हेडक्लार्कला सांगितलं की त्याची फाइल होते. मी तांदूळ निवडत राहिले.

जानेवारीत कलकत्त्याहून एक मोठे साहेब आले. वय झालेले, कोटाच्या खिशात भिंग. नवी जात खरी की खोटी ते तेच ठरवणार होते. स्टाफच्या बायकांना पोहे करायला बोलावलं होतं. शास्त्रात आमचा सहभाग नेहमी पोह्यांपर्यंतच असतो. मी आणि अंजना शेजारच्या खोलीत होतो, मधलं दार उघडं.

सरांनी भाषण लिहून आणलं होतं. कागद टेबलावर मांडले, त्यावर बोट ठेवलं आणि चष्म्यातून भाषणाकडे बघत वाचायला सुरुवात केली, "या वनस्पतीचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य म्हणजे तिला पान नाही. कोणत्याही अवस्थेत नाही. सात नमुन्यांत नाही..."

पोहे परतता परतता अंजनाचा हात थांबला.

सर पानभर वाचत राहिले. कलकत्त्याचे साहेब सभ्य होते, त्यांनी वाचू दिलं. शेवटी म्हणाले, "प्रोफेसर, आपकी उँगली जिस पर है, वो क्या है?"

सरांनी खाली पाहिलं. त्यांच्या बोटाखाली चांगलं हातभर शिवणकाम केलेलं, चुण्याचुण्यांचं पान होतं.

"कोणी... हे कोणी केलं?"

टिकाराम पुढे आला. बिचाऱ्याला वाटलं, शाबासकी आहे. "म्याच लावलं, सर. सातही कागदांले लावलं. शेठजींची नाराजी होती ना!"

मग जे ओरडणं झालं, ते बाजारातल्या सगळ्या बायकांनी मिळूनही कधी केलं नव्हतं. फसवणूक, गद्दारी, शास्त्राचा खून. टिकाराम मान खाली घालून उभा. पाय नकळत हलत होते, जणू खाली मशीनचं पायडल आहे.

साहेबांनी तेवढ्यात भिंग काढलं होतं. कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "ये पत्ता ही क्यों लगाया? दूसरा क्यों नहीं?"

"एकाच थानाचं हाय, साहेब."

साहेबांना थान कळेना. आमच्या यांनी हिंदीत समजावलं. साहेब हसले नाहीत. बराच वेळ कंदाची गाठ पाहून म्हणाले की, असं असू शकतं. फूल आधी, पान मागून, अशी झाडं आहेत. पण शिवलेला कागद हा पुरावा नव्हे. जिवंत कंद कुणाकडे आहे का?

"आमच्या मोरीपाशी हाय," अंजना दारातून म्हणाली, हातात झारा.

साहेबांनी सांगितलं, जेठापर्यंत थांबा. त्याच कंदाला आधी फूल आणि मग पान आलं, तर दोन्ही एकच. मला कळवा. मग त्यांनी पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली आणि गाडी गाठली.

समितीची बैठक झाली. टिकारामची दोन वर्षं जूनमध्ये भरत होती. ठराव झाला: कंदास पान आल्यास श्री. बारसागडे यांस कायम करावे. न आल्यास नमुन्यांत फेरफार केल्याबद्दल कामावरून कमी करावे. ठराव आमच्या यांनीच लिहिला. घरी येऊन म्हणाले, "सतरा वर्षं कारकुनी केली, पण माणसाची नोकरी पानाच्या देठाला बांधलेली पहिल्यांदाच पाहिली."

दुसऱ्या दिवशी फकिरा चपराशी माठ न्यायला आला. मोरीपाशी ठेवलेल्या कंदावर भरवसा कसा ठेवायचा? तो शास्त्रीय देखरेखीखाली हवा. माठ प्रयोगशाळेत गेला. त्याच्या तोंडावर कापड बांधून वर लाखेचं सील. कापड लागलं तेव्हा सरांनी टिकारामला सांगितलं, आणि टिकारामने भेदरून हाताला लागलं ते दिलं. माझा हिरवा खण. आठ वर्षांनी तो कुठे आहे ते मला कळलं.

शिवाय एक रजिस्टर झालं. फकिराने रोज सकाळी एक लोटा पाणी खणावरून ओतायचं आणि सही करायची. अंजना जाऊन सांगून आली, "सर, त्याले पाणी नोका देऊ. ते झोपलं हाय."

"बाई, पाण्यावाचून वनस्पती जगत नाही. हे शास्त्र आहे."

जानेवारी ते जून फकिराने एक दिवस चुकवला नाही. रविवारचीसुद्धा सही आहे. एप्रिलमध्ये माठाच्या फुटीतून एक बेडूक आत राहायला आला. रजिस्टरात त्याची नोंद मात्र नाही.

जेठ लागला. सील फोडलं. माठातून असा वास आला की सर मागे सरले. कंदाच्या जागी चिखलाचा गोळा होता. पण सरांचा चेहरा फुलला होता, असं हे सांगतात. ना फूल, ना पान. गुरुवारी बैठक ठेवली. टिकारामला काढल्याचं पत्र टाइप होऊन तयार झालं, फक्त सही बाकी.

बुधवारी संध्याकाळी टिकाराम आमच्या दारात आला आणि उभाच राहिला. मी पाट मांडला. बसला नाही.

"वहिनी, तुमचा हिरवा ब्लाऊज आता शिवून देतो."

"मशीन कुठाय?"

"हातानंच शिवतो." मग म्हणाला, "कटंगीवाला मेहुणा म्हणते, मशीन आता त्याचं झालं. बाजारात जागा नाही. पण बाया अजून हायेत. ओरडतीन, पण येतीन."

त्याच्या तोंडून 'ओरडतीन' हा शब्द असा आला, की मला त्या ब्लाऊजची लाज वाटली.

गुरुवारी बैठक भरली आणि दार ढकलून अंजना आत आली. कमरेवर, पाण्याची घागर धरतात तसा, डालड्याचा डबा. डब्यात कोरडी खडखडीत माती, आणि त्यातून वर आलेला वीतभर दांडा. त्यावर मान खाली घातलेलं फूल.

"ही सासू," तिने डबा शेठजींच्या पुढ्यात ठेवला. "माठ तुम्ही नेला. हा मले कोणी मागतला नाही."

सर उठले. "हा डबा अनधिकृत आहे! सील नाही, रजिस्टर नाही, पाणी घातल्याची एक सही नाही!"

"पाणी घातलंच नाही, तर सही कायची करू?"

"समितीच्या ताब्यातला तो माठ. हा डबा ठरावात नाही."

आणि इथे आमच्या यांनी, जे सतरा वर्षांत बैठकीत फक्त पंखा लावायला उठले होते, ठरावाचं पुस्तक उघडलं. "ठरावात माठ कुठेच नाही, सर. 'कंदास पान आल्यास' एवढंच आहे. कशातला कंद, ते लिहिलेलं नाही." घरी आल्यावर त्यांना ताप भरला, तो वेगळा.

शेठजी फुलाकडे बघत होते. "राहू द्या डबा माझ्या टेबलावर," ते म्हणाले. "पाहू तर खरं, सून कशी येते ते."

डबा मिलवर, शेठजींच्या टेबलावर गेला. शेठजींनी धमकी दिली, की जो कोणी पाणी घालेल त्याचा हात तोडीन. आठ दिवसांनी फूल गळलं. दांडा वाळला. मग काहीच नाही. रोज मिलवर भात घेऊन येणारे गाडीवान डब्यात डोकावून जात. आमच्या गल्लीतल्या बायका विहिरीवर भेटल्या की पहिला प्रश्न तोच. ज्यांचे ब्लाऊज टिकारामने वर्षानुवर्षं लटकवले होते, त्यासुद्धा पानासाठी देवाला साखर ठेवत होत्या. म्हणाल्या, याची नोकरी गेली तर हा पुन्हा आमचे ब्लाऊज शिवेल.

टिकाराम कॉलेजात जाऊन रिकामा बसायचा. काम काढून घेतलं होतं. अठरा दिवस तो मिलकडे फिरकला नाही. एकोणिसाव्या दिवशी शेठजींनी गडी पाठवून त्याला बोलावून घेतलं. डब्यात, वाळलेल्या दांड्याला लागून, गुंडाळलेलं हिरवं टोक आलं होतं, सुईएवढं. चार दिवसांत ते उघडलं. एकच पान, पंख्यासारख्या चुण्यांचं. टिकारामने शिवलं होतं तसंच, त्याच जागी.

"आता कसं अंगभर नेसवलं!" शेठजी म्हणाले.

कलकत्त्याहून पत्र आलं. दोन्ही एकच रोप, हे सिद्ध झालं. पण त्या रोपाला शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी नाव देऊन ठेवलं होतं, सरांच्या दोन पुस्तकांत ते नव्हतं एवढंच. शेठजींचं नाव गेलं. छपराचे पत्रे आले, पण निम्मेच. प्रयोगशाळेच्या दुसऱ्या अर्ध्या भागात अजून ऊन येतं.

सरांनी त्यावर लेख लिहिला. 'फुलानंतर पान: माझे निरीक्षण.' कागदांवर नव्या चिठ्ठ्या लागल्या. आणणारा राहांगडाले, ओळखणारा राहांगडाले. शिवणाऱ्यासाठी चिठ्ठीत जागाच नसते.

टिकाराम कायम झाला. ठरावाप्रमाणे करावंच लागलं. पण सरांनी त्याला एक अट जोडली: यापुढे विभागात सुई-दोरा आणू नये. नमुने फक्त डिंकाने चिकटवावेत, म्हणजे कुणाला काही जोडण्याचा मोह होणार नाही. मग टिकाराम डिंकाची बाटली घेऊन बसला. अकरा वर्षं बसला. कोणी ओरडलं नाही, आणि त्याच्या हाताला काही कामही राहिलं नाही. संध्याकाळी तो अंगणात जुने कपडे उसवून पुन्हा शिवायचा. अंजना म्हणायची, "माणूस कायम झाला अन् हात टेम्परवारी झाले."

पंचाहत्तर साली सर प्रिन्सिपॉल होते. मोठी तपासणी यायची होती. कपाट उघडलं. डिंक कसरीला फार आवडतो. अकरा वर्षांत तिने तो चाटूनपुसून खाल्ला होता. पानं, फुलं, शेंगा सगळ्या कपाटाच्या तळाशी भुगा होऊन पडल्या होत्या आणि वर शेकडो कोरे कागद, कोपऱ्यात सरांचं नाव. सरांना एके काळी हवे होते तसे, अगदी पर्णविहीन. फक्त शिवलेले जुने कागद जागच्या जागी होते. त्यांतले सात, फूल आणि पानाचे, काल शिवल्यासारखे.

शनिवारी दुपारी फकिरा धापा टाकत टिकारामच्या अंगणात आला. मी तिथेच होते. टिकाराम माझा हिरवा ब्लाऊज शिवत होता. खणावर माठाच्या तोंडाचा गोल डाग पडलेला, माप छप्पन सालचं. दंडात शिरणार नव्हता, ते मला दिसत होतं.

"टिकारामभाऊ, चला! सुई-दोरा घेऊन सरांनी बोलावलं हाय. सोमवारी तपासणी हाय. जेवढं जमते तेवढं शिवून द्या म्हणते."

टिकारामने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. सुई उजेडाकडे धरली. घाई न करता दोरा ओवला, गाठ मारली, आणि माझ्या ब्लाऊजच्या बाहीत पहिला टाका घातला.

"सरांले सांग," तो म्हणाला, "मंगळवारी देतो."

फकिरा थांबला. "कोणत्या?"

टिकारामने दुसरा टाका घातला.